अकरा गावचं पाणी

जानेवारीत रात्री दोनला बाप रस्त्यांवर मीठ टाकायला निघतो.
मी शेजारच्या सीटवर, मांडीवर थर्मास.
हे नियमात बसत नाही, पण डेपोतला ह्यू
एकेकाळी दर शनिवारी त्याच्या नावानं ओरडायचा,
म्हणजे शिव्याच घालायचा.
त्या ओळखीवर चालून जातं.

मागे लोखंडी चकती गरगरते.
खडे मीठ नारिंगी दिव्यात उडतं,
फॉरफरपासून समुद्रापर्यंत
काळ्या डांबरावर कुणीतरी तीळ सांडत गेल्यासारखं.

"इथं," तो म्हणतो, आर्ब्रोथच्या भिंतीजवळ गिअर बदलत,
"मी मारलेला चेंडू वाऱ्यानं वर उचलला,
थोडा विचार केला,
आणि आमच्याच गोलात आणून ठेवला."
अशा वेळी तो वाऱ्याबद्दल तक्रार करत नाही.
वारा चांगला खेळला, म्हणतो.

आयव्हर गिलफिलन, डावा बचावपटू.
अठरा वर्षं, अकरा क्लब, नऊ गोल,
त्यातले दोन स्वतःवरच.
डंडीनं एकोणिसाव्या वर्षी पत्र पाठवून मोकळं केलं,
पत्रात आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं.
आई म्हणाली होती, मग ते तुझ्यासाठी नसेलच,
सोमवारी जाऊन तर बघ.
तो गेला. बूट एका पिशवीत भरून तयार होते.

मग स्ट्रॅनरार: चौघांत एक गाडी,
जायला चार तास, यायला चार, खेळायला सात मिनिटं.
बाकावर बसून आयर्लंडला जाणाऱ्या बोटी मोजल्या.
मग काउडनबीथ, मैदानाभोवती मोटारींच्या शर्यतीची पट्टी,
जर्सीला आठवडाभर टायरचा वास.
पीटरहेड. अलोआ. पुन्हा स्ट्रॅनरार,
ते मोजायचं की नाही यावर आमच्या घरात अजून वाद आहे.
सोमवार ते शुक्रवार लोकांच्या छपरांवर स्लेटा ठोकायचा,
शनिवारी आठवड्याचे चाळीस पौंड आणि पेट्रोल.
बारा गावचं पाणी प्यायलेला म्हणावं,
तर बाराव्यानं नळच उघडला नाही.

एकदा, फक्त एकदा, कपमध्ये ग्लासगोचा मोठा संघ आला.
याच्यासमोर कोट्यवधींचा पोरगा, पायात सोनेरी बूट.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला यानं त्याच्या पायातून चेंडू काढून घेतला,
स्वच्छ, देठावरून फळ तोडावं तसा.
दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो होता.
पोरगा हवेत, तोंड उघडं,
आणि उजव्या कडेला एक कोपर.
ते कोपर आमच्या फ्रिजवर आहे.
शून्य-पाच हरले, हे फोटोत नाही.

गुडघा हवामान खात्याच्या आधी सांगतो, आज गोठणार.
डेपोत त्याला यावरून चिडवतात,
आणि मग निमूटपणे गाड्या भरायला घेतात.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
याच्या पानात कुणी चिमूटभरच वाढलं,
तरी हा जागाच. पहाटेचे चार.
मला डुलकी लागते, तो स्वतःशी जुनी नावं पुटपुटतो,
गोलकीपरपासून सुरू करून,
आणि डाव्या बाजूला आला की थोडा खोकतो.

ब्रेखिनला मैदानाच्या कडेनं उंच कुंपणाची झाडी आहे.
तिच्यात हरवलेला चेंडू शोधताना गाल ओरबाडून घेतलेला,
ओरखड्यावर पट्टी लावणाऱ्या पोरीला यानं विचारलं,
पुढच्या शनिवारी असशील ना?
पुढच्या शनिवारी हाच नव्हता, अलोआला विकला गेला होता.
(विकला नाही, तो दुरुस्त करतो. फुकट दिला.)
तिनं अलोआचा पत्ता काढला. ती माझी आई.

ती गल्ली यादीत नाही.
कागद डॅशबोर्डवर आहे, मी वाचलाय:
मुख्य रस्ता, पूल, शाळेचा चढ, बस.
तो वळतो. चकतीचा वेग कमी करतो,
मैदानाच्या फाटकापर्यंत सावकाश मीठ टाकत जातो
आणि तेवढंच अंतर रिव्हर्समध्ये परत येतो,
आरशात बघत, मान ताठ करून.

"सकाळी नऊला बारा वर्षांखालच्यांचा सराव असतो,"
मी काहीच विचारलेलं नसताना.

मग, "चहा उरलाय का?"
उरलाय. झाकण घट्ट बसलंय.
तो डावा हात पुढे करतो.